अकरा वर्षांच्या बाटल्या

३ मार्च

धाकट्या,

तुझं पाकीट पोचलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्यास, त्याही दिसल्या. एक नाही, तीन. म्हातारी झाले म्हणून मला दिसत नाही असं वाटलं की काय तुला? दिसतंय सगळं. म्हणूनच सही करत नाही.

सहा वर्षांत तुझी चार ओळींची चिठ्ठी नाही. बाबा गेले तेव्हा आलास, गाडी चालूच ठेवून दारात उभा राहिलास आणि गेलास. त्यानंतर आता एकदम ‘प्रिय ताई, तब्येतीला जप’. माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? अठ्ठावन्न पुरी झाली तरी दर सोमवारी खाणीच्या बंधाऱ्याच्या एकशे चाळीस पायऱ्या उतरते, पायथ्याशी जे पाणी झिरपतं त्यातून बादली भरते आणि वर घेऊन येते. खुर्चीत बसून तुझंच पोट सुटलं असेल, त्याला जप.

आता तुझ्या कागदाचं. ‘गेली अकरा वर्षे बंधाऱ्याखालील पाण्याचे नमुने मी विहित पद्धतीने घेतले असून पाणी निर्दोष असल्याची मला खात्री आहे.’ विहित! हा शब्द माझ्या तोंडून कधी ऐकलास का रे? दोन महिन्यांपूर्वी आला असता तर हाच कागद मी आनंदाने सही करून दिला असता, आणि भावाने किती मानाने सही मागितली म्हणून चार बायकांत मिरवलं असतं.

मधे काय झालं ते तुला कळलेलं आहे, नाहीतर हा कागद आलाच नसता. तरी माझ्या तोंडून ऐक. प्रयोगशाळेत नवीन केमिस्टबाई आल्यात. चाळिशीच्या, चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधत फिरतात. त्यांनी जुने अहवाल काढून वाचले आणि माझ्या नमुना-खोलीत येऊन विचारलं, “मावशी, तुमच्या पाण्यात तांबं जवळजवळ नाहीच, पण लोखंड एवढं कुठून येतं?” मी म्हटलं, मला काय विचारता, मी फक्त बाटल्या भरते. “कशा भरता ते दाखवा,” म्हणाल्या.

दाखवलं. मला कसली चोरी! लोखंडी बादलीत पाणी आणायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, गाळ बसू द्यायचा. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने बाटलीत ओतायचं, बूच लावायचं, तारीख टाकायची. गढूळ बाटली पाठवायची मला लाज वाटायची रे. कंपनीचं नाव त्या बाटलीवर असतं, जरा नीटनेटकी जायला नको का? घरी पाहुण्यासमोर आपण गाळाचं पाणी ठेवतो का?

केमिस्टबाईंनी वाकून बादलीत बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, “मावशी, ही बादली कधीपासून?”

अकरा वर्षं. एकच बादली. मला त्याचाही अभिमान होता.

बाकी पुढच्या पत्रात लिहीन. कागद परत पाठवतेय, फुल्या खोडून टाकल्यात.

ताई


९ मार्च

धाकट्या,

पत्राचं उत्तर चार दिवसांत! सहा वर्षं टपालखातं बंद होतं की काय तुमच्याकडे? आणि त्यात काय विचारलंस, तर ‘तू हे कुणाकुणाशी बोललीस?’ मी कशी आहे ते नाही, कुणाशी बोलले ते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

कुणाशी बोलले ते सांगेनच. आधी काय बोलले ते ऐक.

केमिस्टबाई दुसऱ्या सोमवारी माझ्याबरोबर पायऱ्या उतरल्या. येताना तीनदा बसल्या, ते सोड. त्यांनी एक बाटली थेट झिरपणीला लावून भरली, दुसरी मी नेहमीसारखी बादलीतून भरली. थेट भरलेल्या बाटलीत तांबं बादलीपेक्षा पस्तीस पट निघालं. एकाच दिवसाचं, एकाच जागचं पाणी!

मग मी बादली रिकामी केली, आतला तळ खिळ्याने खरवडला. अकरा वर्षं ज्याला मी गंज समजत होते, ते लालभडक चमकलं. तांबं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळी कंपनी पाण्यात तांबं शोधत होती आणि ते माझ्या बादलीच्या बुडाला बसत होतं.

आणि मी कोणाची मुलगी? बाबांची! ज्यांनी तीस वर्षं भंगार-हौदावर काढली. तू लहान होतास, तरी आठवत असेल. खाणीतून उपसलेलं निळं पाणी हौदात सोडायचे, त्यात फुटके पाइप, पत्रे, खिळे टाकायचे, आणि आठवड्याने लोखंड विरघळून खाली तांब्याचा लाल चिखल. पाण्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि लोखंड पाण्यात जातं, हे आपल्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. बापाने हौदात केलं तेच मी बादलीत केलं, आणि मला कळलं नाही. माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मारून घेतलीही एक. केमिस्टबाईंनी हात धरला.

पण मी सातवी शिकलेली बाई. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला कडेवर घेऊन मला शाळेत बसू देईनात. तू तर रसायनशास्त्र शिकलास. सात वर्षांपूर्वी तू कंपनीच्या मुख्य कचेरीतून तपासणीला आला होतास, आठवतं? नमुना-खोलीत आलास, बादलीच्या बुडाला नख लावलंस, नखाकडे बघितलंस आणि हसलास. मला वाटलं बहिणीचं कौतुक वाटलं. मग तुझं पत्र आलं, ‘तू करतेस तसंच करत जा’. मेल्या, ते पत्र मी अख्ख्या पाळीला वाचून दाखवलं होतं! माझ्या आयुष्यात मला कुणी लेखी शाबासकी दिली ती तेवढीच. वरच्या आकड्यांच्या ओळी डोक्यावरून गेल्या, शाबासकी तेवढी लक्षात राहिली.

आणि त्यानंतर तू यायचा बंद झालास. सहा वर्षं मी झुरले, की माझं काय चुकलं, बाबांच्या आजारपणात काही बोलले का, तुझ्या बायकोला काही लागलं का. आता कळतंय. माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं तुला.

कुणाशी बोलले? अजून कुणाशी नाही. पण बोलायचंय. खालच्या वस्तीतली भाजीवाली, तिच्याशी. तिचे वाफे बंधाऱ्याच्या ओढ्यावर. चार वर्षं झाली, पालेभाजी पिवळी पडून उगवायचीच थांबली, कोंबड्या मेल्या, आता तिच्या लेकीच्या पोटात कळा येतात आणि विहिरीच्या काठावर हिरवट थर धरलाय. दर बाजारच्या दिवशी ती मला विचारायची, “तूच बघतेस ना पाणी? चांगलंय ना गं?” मी काय सांगायची? “माझ्या हाताने बघते. डोळे मिटून पी.”

ती प्यायली. पोरीला पाजलं.

ताई


१६ मार्च

धाकटे साहेब,

तुमचा माणूस येऊन गेला. गोड बोलला. तुमच्या शहरात मला खोली घेऊन द्यायला तुम्ही तयार आहात म्हणे, उन्हाचा त्रास आहे असं सांगून मी रजा टाकावी, आणि एकवीस तारखेच्या सुनावणीला ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ येऊ नये. त्याला मी चहा पाजला आणि सांगितलं की प्रकृती तुमच्या साहेबांची अस्वस्थ आहे, माझी ठणठणीत आहे. त्याने कप अर्धा टाकून दिला.

सुनावणी कशाची आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. बंधारा आणखी बारा मीटर उंच करायचाय. शंभर गाड्या दगड फोडला तर त्यातून एक गाडीभरही तांबं निघत नाही, उरलेल्याचं चक्कीत पीठ होतं आणि पाण्याबरोबर बंधाऱ्यामागच्या तळ्यात जाऊन बसतं. तळं भरलं. आता भिंत वाढवायची, आणखी पंधरा वर्षं ओतायचं. परवानगी कशावर मिळणार? माझ्या बाटल्यांवर. ‘अकरा वर्षांत पाण्यात दोष आढळला नाही.’ अहवालाच्या दुसऱ्या पानावर तुझी सही आहे, केमिस्टबाईंनी दाखवली. सही तीच, शाळेच्या वहीत करायचास तशी, शेवटच्या अक्षराला शेपूट.

मी बोलले तर ती भिंत अडेल. गप्प बसले तर उभी राहील आणि खालची वस्ती मरेपर्यंत तेच पाणी पीत राहील. मधला रस्ता नाही, आणि तू तो शोधूनही देऊ नकोस.

तू लिहितोस, ‘ताई, तांब्याशिवाय जग चालत नाही. तुझ्या घरातला दिवासुद्धा तांब्यावर लागतो.’ मला शिकवतोस? अरे, या डोंगराला कंपनीच्या हजार वर्षं आधीची बिळं आहेत. एक माणूस कसाबसा सरपटत जाईल एवढी, आत छिन्नीचे घाव. बाबा मला दाखवायला घेऊन गेले होते. तेव्हापासून माणूस तांबं काढतोय, काढू दे की. माझं तांब्याशी भांडण नाही. आपण दोघं तांब्यावरच वाढलो. माझं भांडण खोट्याशी आहे. बाबांच्या वेळी याच पाण्यातून तांबं काढून कंपनीने विकलं, आणि आता त्याच पाण्यात तांबं नाही म्हणता? तेव्हा होतं आणि आता गेलं कुठे, तीर्थयात्रेला?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असंही लिहिलंयस. असेल. पण ती मूठ भाजीवालीच्या पोरीच्या तोंडावर ठेवलेली आहे.

मला भीती घालतोस की नोकरी जाईल, निवृत्तिवेतन अडकेल, कंपनीची खोली सोडावी लागेल. माहीत आहे. दोन पेट्या भरून ठेवल्यात, तिसरीला कुलूप नाही, सुतळी बांधेन.

एक गोष्ट मात्र तुला आधीच सांगते, म्हणजे तुला झोप लागेल. मी माझी चूक सांगणार, माझी बादली सांगणार, तुझं नाव घेणार नाही. तुला मी भात कालवून भरवलाय, ज्या हाताने भरवलं त्या हाताने तुला ढकलणार नाही. तू ते जुनं पत्र कुठे आहे म्हणून विचारतोस? जाळलं. चूल पेटवायला घेतलं एक दिवस. निश्चिंत राहा.

ताई


२० मार्च

धाकट्या,

दोनच ओळी, घाईत आहे. आज सकाळी मुकादम आला आणि ‘जुनं सामान बदलायचंय’ म्हणून नमुना-खोलीतून लोखंडी बादली घेऊन गेला. नवी कोरी निळी प्लॅस्टिकची ठेवून गेला. अकरा वर्षांत मला साधा नवा दोर मिळाला नव्हता, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी एकदम बादली! लगीनघाई बघा केवढी.

मुकादमाने नेली ती फरशी पुसायची होती. बिचारा जपून, दोन्ही हातांनी धरून नेत होता. माझी घरी आहे, पलंगाखाली, चादरीत गुंडाळून.

तूही उद्या येणार आहेस असं कळलं. ये. बरं दिसेल असा सदरा घाल. बोलायचं असेल तर माझ्या आधी बोल, तुला अजून वेळ आहे. मोठ्या माणसाने आपणहून कबूल केलं तर लोक माफ करतात. निदान मी करीन.

ताई


२४ मार्च

धाकट्या,

तू परत पोचलास का, माहीत नाही. तरी लिहिते, कारण तू तिथून उठून गेल्यावर माझं अर्धं बोलणं तोंडातच राहिलं.

तू आधी बोलला नाहीस. मी वाट पाहिली. कामगार सभागृहात व्यासपीठावर सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाई, शेजारी दुसऱ्या खुर्चीत तू, समोर सीलबंद बाटलीतलं पाणी. मी चौथ्या रांगेत, मांडीवर चादरीतली बादली. भाजीवाली खिडकीपाशी उभी. तू तासभर माझ्याकडे बघितलं नाहीस, छताकडे बघत होतास. छताला तसं बघण्यासारखं काही नाही.

मग मी उठले. सगळं सांगितलं. बादली अध्यक्षबाईंच्या टेबलावर आडवी ठेवली, खिळ्याने आतला तळ खरवडला. लाल भुगा त्यांच्या पांढऱ्या कागदांवर पडला. मागे कुणीतरी “अगं आई गं!” म्हणालं. केमिस्टबाई उठून उभ्या राहिल्या आणि पस्तीस पटीचा आकडा वाचला. मी म्हटलं, चूक माझी आहे, शिक्षा मला करा, पण या बाटल्यांच्या भरवशावर भिंत वाढवू नका. आणि खाली बसले. तुझं नाव घेतलं नाही. दिला शब्द पाळला, हे तुझ्या कानांनी ऐकलंस.

तेवढ्यावर संपलं असतं रे. पण अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, कंपनीला याची कल्पना होती का. आणि तू माइक जवळ ओढून म्हणालास, “या बाई आमच्या सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचारी आहेत. शिक्षण बेताचं. त्यांनी अजाणता चुकीचं भांडं वापरलं. कंपनीला कल्पना असण्याचं कारण नाही.”

या बाई!

ते मी गिळलं. खरं सांगते, गिळलं. अडाणी म्हणालास, मी आहे अडाणी. बहीण म्हटलं नाहीस, नसेन. पण मग अध्यक्षबाई लिहिता लिहिता काय बोलल्या ते ऐकलंस ना? “म्हणजे एका व्यक्तीची अजाणता झालेली चूक. नवे नमुने घ्या, अहवाल यथावकाश सादर करा. तोपर्यंत बंधाऱ्याचं काम सुरू करायला हरकत दिसत नाही.”

म्हणजे मी नोकरी घालवली, नाव घालवलं, आणि भिंत उभी राहणारच! माझ्या एकटीच्या चुकीने काहीच अडत नव्हतं. ती भिंत अडवायला कुणाला तरी सगळं माहीत होतं हे सिद्ध व्हायला हवं होतं. आणि ते माहीत असलेला माणूस समोर बसून पाण्याचा घोट घेत होता.

पत्र मी जाळलं नव्हतं. खोटं सांगितलं होतं तुला. शाबासकीचं पत्र कुणी जाळतं का? बिस्किटाच्या डब्यात होतं, त्या दिवशी पर्समध्ये. आणलं कशाला होतं, असं विचारशील. माझं मलाच नक्की ठाऊक नाही. बहुतेक मला तुझी आधीपासूनच ओळख होती, फक्त कबूल करवत नव्हती.

मी उठून पुन्हा पुढे गेले. म्हटलं, “बाई, मी सातवी शिकलेय, पण वाचता येतं मला.” आणि वाचलं. ‘ताई, अहवालात लोखंड थोडं जास्त दिसतं, ते तुझ्या बादलीमुळे. त्याने बिघडत काही नाही, उलट तांब्याचा आकडा खाली राहतो. बादली बदलू नकोस. तू करतेस तसंच करत जा.’ खालची तारीख वाचली, सात वर्षांपूर्वीची. सही वाचली. मग म्हटलं, “हा माझा भाऊ. हा, दुसऱ्या खुर्चीतला. मी वाढवलाय.”

तू तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. चार वर्षांचा असताना ताप आला की बघायचास, तसं. मला वाटलं हात पुढे करावा. नाही केला. तू खुर्ची मागे सारलीस, बाजूच्या दाराने गेलास, आणि कागदपत्रांची पिशवी तिथेच विसरलास.

भिंतीचं काम थांबलं. लेखी हुकूम झाला. नमुने आता बाहेरचे लोक घेणार, काचेच्या बाटल्यांत, थेट. खालच्या वस्तीला टँकरने पाणी सुरू झालंय. माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली आणि खोली महिनाअखेर सोडायची आहे. केमिस्टबाईंची कुठेतरी लांब बदली केली, त्या म्हणाल्या, मावशी, चष्मा सापडला की निघते. हसलो दोघी.

मी तुला सॉरी म्हणणार नाही. सुनावणी उद्या पुन्हा झाली तर पुन्हा वाचेन, आणि या वेळी पहिल्याच फेरीत वाचेन. शब्द मोडला हे मला डाचतं, पण त्याची लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. सभागृहाबाहेर भाजीवाली उभी होती. मला वाटलं गळ्यात पडेल, निदान बरं केलंस म्हणेल. ती म्हणाली, “अकरा वर्षं तुझ्या शब्दावर पाणी प्यायले मी,” आणि वळून गेली. मी टँकरवर पाणी वाटायला जाते रोज. ती माझ्या हातचा हंडा घेत नाही. रांग सोडून बाजूला उभी राहते आणि मी दमून बसले की दुसरीकडून भरून नेते. नेऊ दे. तिचा हक्क आहे. मी मात्र रोज जाणार, ती बोलो न बोलो.

तुला यायचं असेल, आणि येशील असं मला अजून वाटतं, तर सरळ माझ्याकडे येऊ नकोस. नवी खोली वस्तीच्या वरच्या अंगाला आहे, वाटेत तिचं घर लागतं. आधी तिथे थांब. तुझं नाव सांग, हुद्दा सांग, सही कुणाची ते सांग. मग तिच्या विहिरीतून पेलाभर पाणी ओढ, निवळायला ठेवू नकोस, आणि तिच्या पोरीसमोर उभा राहून सगळं पिऊन टाक. त्यानंतर वर ये. जेवायला वाढते.

ताई